गोबरगॅसवरचा चहा

"सर, ड्रम बसलाय!"

सायकल फाटकातून आत घेतली तोच बिंदू सारवान धावत आली. सातवी ब. दोन्ही वेण्यांना तांबड्या रिबिनी, कडक इस्त्रीचा गणवेश, बगलेत गुंडाळलेला तक्ता. अकरा वाजता जिल्ह्याहून पाहुणे यायचे होते आणि त्यांच्यापुढे तिलाच बोलायचं होतं. धाप लागल्यामुळे तिला धड उभं राहवत नव्हतं.

"बसलाय म्हणजे किती?"

"पार तळाला. काल संध्याकाळपासून शेगडी पेटत नाही. आणि सर, वाबळे सरांनी बाबांना बोलावलंय. हौदात उतरायला."

मी सायकल तशीच भिंतीला लोटली आणि तिच्यामागे निघालो. वसतिगृहाच्या कोपऱ्यावर वळलो आणि फिनेलचा असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणी आलं. त्या वासात आणखी एक तिखट वास मिसळलेला होता, ॲसिडचा. संडासांची रांग नुसती चकचकत होती. पांढऱ्या फरशा, पांढरं पाणी, आणि ते पांढरं पाणी नळ्यांमधून सरळ आमच्या गोबरगॅसच्या हौदात जात होतं. मी पुतणीच्या लग्नासाठी चार दिवस गावी गेलो होतो. तेवढ्या चार दिवसांत हे झालं होतं.

ही गोष्ट सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वीची. मी निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. पण अजूनही कुणाच्या घरी फरशी पुसून झाल्यावर फिनेलचा वास आला की मी काहीतरी निमित्त काढून अंगणात जातो. बायकोला वाटतं, मला दम्याचा त्रास आहे.

आमच्या शाळेमागे साठ मुलांचं वसतिगृह होतं आणि त्याच्या संडासांना जोडून गोबरगॅसचा हौद बांधलेला होता. दोन पुरुष खोल गोल विहीर, तिच्यावर उपडा घातलेला लोखंडी ड्रम. खाली गॅस तयार झाला की ड्रम फुगल्यासारखा वर यायचा, वापरला की खाली बसायचा. शेजारच्या गोठ्यातलं शेणही त्यात पडायचं. तीन वर्षं तो छान चालला होता, पण वसतिगृहाची स्वयंपाकीण त्या गॅसवर भात शिजवायला तयार नव्हती. त्यामुळे त्यावर फक्त मुलांचं आंघोळीचं पाणी तापायचं.

मला मात्र तो हौद म्हणजे सोन्याची खाण वाटायचा. सातवीला जैवतंत्रज्ञान शिकवायचं तर पुस्तक कशाला उघडायचं? महिनाभरापूर्वी मी पहिल्या दिवशी वर्गात दह्याचं विरजण आणि आंबवलेलं इडलीचं पीठ नेलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला या हौदाच्या कठड्यापाशी उभं केलं.

"ई! सर, हे शिकायलाच पाहिजे का?" वैभव कोठारीने रुमाल नाकाला लावला.

"नाक सोड. काल घरी दही खाल्लंस ना?"

"हो, पण दही वेगळं."

"वेगळं काय? दुधात जंतू सोडले, रात्रभर त्यांनी काम केलं, सकाळी तू वाटीभर जंतू खाल्लेस."

"ई!" या वेळी अख्खा वर्ग.

"इडलीतपण सर?"

"इडलीत, ढोकळ्यात, पावात."

"मग आपण खायचं तरी काय?" संध्या वाणी रडकुंडीला आली आणि मुलं फिदीफिदी हसली.

मग मी त्यांना सांगितलं की माणसाने फार पूर्वीपासून जंतूंना कामाला लावलंय, फक्त त्याला ते माहीत नव्हतं. आता माहीत झालंय. मधुमेहाच्या रोग्याला लागतं ते इन्शुलिन पूर्वी गुराडुकरांच्या पोटातून काढत. आता माणसाच्या पेशीतला एक तुकडा जंतूला देतात, आणि तो जंतू बसल्या जागी माणसाचं इन्शुलिन करून देतो. केळीच्या एका कोंबापासून बाटलीत हजार रोपं करतात. आणि हा हौद. याच्या आत उजेड नाही, हवा नाही, आणि तिथे करोडो कामगार आपण टाकलेली घाण खाऊन त्याचा गॅस करतात.

बिंदूने हात वर केला. "सर, त्यांना कुणाचं पण चालतं?"

वर्ग खो खो हसला. वैभव तर हसता हसता खाली बसला.

"हसू नका. चांगला प्रश्न आहे," मी म्हणालो. "कुणाचंही चालतं. हे कुणाचं, ते कुणाचं, असलं त्यांना काही कळत नाही."

ती हसली नव्हती. जरा थांबून तिने दुसरा प्रश्न विचारला. "सर, वास नसला तरी आतला वायू मारतो का?"

"का गं?"

"माझे काका गटारात उतरले होते. आधी म्हणाले, लई वास आहे. मग खालून ओरडले, आता वास नाही, दोर सोडा. मग बोललेच नाहीत."

कुणी हसलं नाही. मी तिला समजावून सांगितलं की त्यातला एक वायू आधी नाकच बधिर करतो. वास येईनासा झाला की माणसाला वाटतं, धोका टळला. खरा धोका तेव्हाच असतो. तिने ते वहीत लिहून घेतलं. पुढे महिनाभर ती रोज मधल्या सुट्टीत हौदावर जायची, पट्टीने ड्रमची उंची मोजायची, लिहून ठेवायची. कोणत्या दिवशी शेण कमी पडलं, कोणत्या दिवशी थंडी होती, सगळं. चाळीस वर्षांच्या नोकरीत इतक्या चिकाटीची मुलं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

म्हणून 'आदर्श विज्ञान शाळा' ठरवणारी समिती येणार असं कळलं, तेव्हा मी मुख्याध्यापक वाबळ्यांना सांगितलं, "हौदाची माहिती बिंदू सांगेल. आणि पाहुण्यांसमोर त्याच गॅसवर चहा करून देईल. म्हणजे लोकांच्या मनातली किळसही जाईल."

वाबळे पान जुळवत होते. "सारवान? ती मोतीलालची?"

"हो."

"बोलेल का नीट? वाणीची पोरगी घ्या ना. दिसायला टापटीप आहे. किंवा असं करा, बोलू दे हिला, चहा संध्याला करू दे."

"तापमान, ज्योत, सगळं बिंदूला माहिताय सर. अर्धं एकीने, अर्धं दुसरीने, असं बरं दिसणार नाही."

"बघा बुवा. तुमचा हट्ट." त्यांनी पान तोंडात टाकलं. मला वाटलं, मी जिंकलो.

आता, पाहुणे यायच्या सकाळी, हौदाच्या कठड्याशी मोतीलाल सारवान सदरा काढून उभा होता. नगरपालिकेत सफाई कामगार. अंगाने काटक, कमरेला दोर बांधलेला. शेजारी वसतिगृहाचे चार गडी ड्रम उचलायला वासे घेऊन थांबले होते. आणि इस्त्रीच्या सफारीत, नाकाला अत्तराचा बोळा लावून, वाबळे.

"बरं झालं आलात निमकर. कुठेतरी तुंबलंय. हा उतरून मोकळं करतो. दहा मिनिटांचं काम आहे."

"राम राम मास्तर," मोतीलाल म्हणाला. "होतं की आत्ता. तुमी काळजी नका करू."

"बाबा, नाही उतरायचं," बिंदू म्हणाली.

"तू गप बस. वर्गात जा."

मी कठड्यावर ओणवा झालो. आत पाणी वाहत होतं. कुठे काही तुंबलेलं नव्हतं. तोंडाशी पांढरा फेस साचला होता.

"सर, हे तुंबलेलं नाही. संडासात काय ओतलंत?"

"ओतलंत म्हणजे? स्वच्छता केली. पाहुणे येणार, संडास बघणार. चार दिवस सकाळ-संध्याकाळ फिनेल, ॲसिड. डबेच्या डबे आणले. बघा आरशासारखं झालंय."

"मग मेले ते," बिंदू म्हणाली.

"कोण मेलं?"

"आतले जंतू. तुम्ही त्यांना फिनेल पाजलं, सर. तो फिनेलचा डबा वाचा, लिहिलंय त्यावर, जंतुनाशक."

एका गड्याला हसू फुटलं. वाबळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तोंड फिरवलं.

"मुलीला जरा आवरा, निमकर. आणि ते जंतूबिंतू मला शिकवू नका. गॅस येत नाही म्हणजे तुंबलंय. याला उतरवा."

"तो उतरला तर वर येणार नाही सर," मी हळू आवाजात म्हणालो. "जंतू मेले तरी आतला जुना वायू तिथेच आहे. खाली श्वास घ्यायला हवा नाही."

"अहो, काय बोलता! हे लोक रोज उतरतात. त्यांना सवय असते."

तोंडात पानाचा रस धरून, मान वर करून त्यांनी हे म्हटलं, आणि एक थेंब त्यांच्या हनुवटीवरून ओघळला. तो त्यांनी रुमालाने टिपला, रुमालाची घडी केली आणि परत खिशात ठेवली.  शेण, विष्ठा, सडलेलं अन्न, कशाचीच मला आयुष्यात कधी किळस आली नव्हती. त्या घडीची आली.

"उतरतो मास्तर," मोतीलाल समजुतीने म्हणाला. "माझा भाऊ गेला ते मोठं गटार होतं. हे छोटं आहे."

बिंदूने दोराचं दुसरं टोक उचललं, कठड्याच्या लोखंडी कडीत ओवलं आणि गाठींवर गाठी मारायला लागली. वहीत लिहिते तशीच मान खाली घालून गाठी मारत होती. तिला वाटत होतं, दोर असा बांधून टाकला की बाप हलणारच नाही.

घड्याळात नऊ वाजले होते. वाबळे ऐकणार नव्हते आणि मोतीलाल नाही म्हणणार नव्हता. मुख्याध्यापकाला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. मी मग जे सुचलं ते बोलून टाकलं.

"सर, तुम्हाला अकरा वाजता ज्योत हवी आहे ना? प्रयोगशाळेत सिलिंडर आहे. भिंतीमागे ठेवू. नळी त्याच शेगडीला जोडू. कुणाला कळणार नाही. हौद मी नंतर दुरुस्त करतो."

वाबळ्यांचा चेहरा उजळला. "हे बघा! याला म्हणतात विज्ञान शिक्षक!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तो हात बराच वेळ माझ्या पाठीला चिकटून राहिल्यासारखा वाटला.

"आणि मोतीलाल, तू भिंतीमागे सिलिंडरपाशी बस," ते म्हणाले. "पाहुण्यांसमोर यायचं नाही. मी खोकलो की चालू, परत खोकलो की बंद."

"हां साहेब," मोतीलाल म्हणाला आणि सदरा घालू लागला. त्याची मुलगी मात्र माझ्याकडे बघत होती.

गडी पांगले. मी प्रयोगशाळेकडे निघालो, तर ती माझ्यामागे.

"सर, मग मी काय सांगू?"

"जे पाठ केलंयस तेच."

"पण ते खोटं आहे."

"आज एक दिवस, बिंदू."

"तुम्ही म्हणाला होता, प्रयोग फसला तर फसला असं लिहायचं."

"म्हणालो होतो." मला राग आला, तिचा नव्हे, पण निघाला तिच्यावर. "तुझे बाबा उतरले नाहीत ना? मग? झालं तर."

लहान मुलाला गप्प करायला त्याच्या बापाचा जीव मध्ये घालायचा, हे मी केलं. मी, जो आयुष्यभर मुलांना म्हणत आलो की शंका विचारा.

बरोबर अकराला जीप आली. समितीचे तिघे. पुढे डॉक्टर मुळगुंद, मोठे विद्वान, सुती झब्बा, आवाज भारदस्त. मागे दोघे सदस्य, एक जाडे, एक चष्म्याचे. मुलं हौदाभोवती अर्धगोल करून उभी होती. वाबळ्यांनी पाहुण्यांना हार घातले, बिंदूकडे बघत त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि मग खोकले. भिंतीमागून अगदी बारीक आवाज झाला. बिंदूने काडी ओढली, शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली.

"वा!" मुळगुंद म्हणाले.

बिंदूने तक्ता उलगडला. आवाज स्थिर होता.

"नमस्कार. हौदात हवा लागत नाही असे जंतू राहतात. आपण टाकतो ते खाऊन ते गॅस तयार करतात. एका किलो शेणापासून साधारण चाळीस लिटर गॅस मिळतो. जंतूंना उबदार जागा लागते. त्यांना साबण, फिनेल, ॲसिड चालत नाही, त्याने ते मरतात. ते मेले की नवं शेण घालून पुन्हा पंधरा-वीस दिवस थांबावं लागतं."

वाबळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फिनेलचं वाक्य तक्त्यावर नव्हतं. पण बाकी तिने पाठ केलं होतं तसंच होतं. फक्त 'ही ज्योत याच हौदातली आहे' एवढं वाक्य तिने गाळलं होतं. सबंध भाषणात ती खोटं असं एक अक्षर बोलली नाही. ज्योत शेजारी जळत होती, लोकांना जे समजायचं ते समजत होतं.

टाळ्या झाल्या. तिने पातेलं चढवलं, आलं ठेचून घातलं, दूध घातलं. चहाचा वास सुटला आणि मागच्या रांगेतली मुलं नाक उचलून हुंगायला लागली. मग ती कपबश्यांचा ट्रे घेऊन पाहुण्यांपुढे आली. शाळेच्या खास कपबश्या, निळ्या फुलांच्या. पाच कप होते. तीन पाहुणे, वाबळे आणि मी.

मुळगुंदांनी कप उचलला आणि भाषण सुरू केलं. "मित्रहो, किळस हा अज्ञानाचा दुसरा चेहरा आहे. आपण ज्याला घाण म्हणतो, ती निसर्गाच्या लेखी संपत्ती आहे. उद्याचं शतक या सूक्ष्म कामगारांचं आहे..." छान बोलले. खरंच छान बोलले. बोलता बोलता हात हलत होता, चहा बशीत सांडत होता. भाषण संपलं तेव्हा त्यांनी कप कठड्यावर ठेवला, जसा होता तसा.

"घ्या ना साहेब," बिंदू चष्मेवाल्यांना म्हणाली.

"आत्ताच झाला बाळ, रस्त्यात."

जाड्या सदस्यांनी कप नाकाशी नेला, ओठाला लावल्यासारखं केलं आणि खाली ठेवला. "मला शुगर आहे. रोज इन्शुलिन टोचतो."

"इन्शुलिन पण जंतूच करतात साहेब," बिंदू म्हणाली. "ते टोचता ना तुम्ही?"

मग सगळे पाहुणे मोठमोठ्याने हसले. "हुशार आहे हो पोरगी! पाहिलंत डॉक्टर, काय पकडलं तिने मला!" जाड्या सदस्याने तिचं कौतुक केलं, नाव विचारलं. "बिंदू काय?"

"सारवान."

"अस्सं." त्याने हसतच मान हलवली. तिच्या डोक्यावर ठेवायला निघालेला हात अर्ध्यातून वळला आणि सफारीच्या खिशात गेला.

माझ्या मनात किळस भरून आली होती. पंधरा मिनिटं जंतूंचे गोडवे गाणारी ही शिकलेली माणसं संडासाच्या गॅसवर उकळलेला घोटभर चहा पिऊ शकत नव्हती. आणि त्या गॅसशी त्या चहाचा काही संबंधच नव्हता! तो घराघरात असतो तसला सिलिंडरचा गॅस होता. ओरडून सांगावंसं वाटलं, 'प्या लेकांनो, तुमच्या बायका करतात त्याच गॅसवरचा आहे.' आणि सांगता येत नव्हतं, कारण लबाडी माझीच होती. मी हातातला कप धरून उभा होतो आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होतो. वाबळे पुन्हा खोकले, भिंतीमागून पुन्हा बारीक आवाज झाला, ज्योत विझली.

जीप गेली. जाताना मुळगुंद वाबळ्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचं नाव वर पाठवतो." वाबळे फाटकापर्यंत त्यांच्यामागे धावत गेले आणि तिथूनच ऑफिसात, पेढे मागवायला. मुलं वर्गात गेली. हौदापाशी मी आणि बिंदू राहिलो.

कठड्यावर पाच कप रांगेत होते. उन्हाने चहावर साय धरली होती. माशा काठावर बसत होत्या. बिंदू एकेक कप ट्रेमध्ये ठेवू लागली. भिंतीमागून मोतीलाल आला, हातात तिने मघाशी दिलेला स्टीलचा पेला, चाटूनपुसून रिकामा.

"फस्कलास झालता," तो तिला म्हणाला. "आलं जरा कमी घाल." पेला तिच्या हातात दिला, माझ्याकडे बघून हात जोडले आणि आपल्या कामावर निघून गेला. आज आपण कशातून वाचलो हे त्याला अजून पटलेलं नव्हतं. उलट साहेबाचं काम झालं नाही याची थोडी खंत त्याच्या चालण्यात दिसत होती.

"वाईट वाटून घेऊ नकोस," मी बिंदूला म्हणालो. "शिकलेली असली तरी किळस असते माणसांना. संडासाचा गॅस म्हटला की..."

"सर, एक विचारू?"

"विचार."

"वाबळे सरांना तर माहीत होतं ना, सिलिंडरचा आहे म्हणून?"

तिने विचारलं ते अगदी हौदापाशी प्रश्न विचारायची तसंच. खरंच उत्तर हवं होतं तिला. मी तिच्या ट्रेकडे पाहिलं. रांगेतला चौथा कप वाबळ्यांचा. काठोकाठ. वर न मोडलेली साय.

वाबळ्यांना माहीत होतं. सिलिंडर उचलायला त्यांनीच गडी दिला होता. चहा त्यांच्या आवडीचा, दिवसाला आठ-दहा कप. आणि तो कप त्यांनी ओठाजवळसुद्धा नेला नव्हता. तिघा पाहुण्यांबद्दल इतका वेळ मी जे समजत होतो ते सगळं एका कपाने उलटं झालं. 'चहा संध्याला करू दे.' 'दिसायला टापटीप आहे.' हार घालताना पाहुण्यांच्या कानाशी पुटपुटलेलं काहीतरी. डोक्यापर्यंत न पोहोचलेला हात. गॅसची किळस कुणालाच आली नव्हती.

इतकी वर्षं मुलांना शिकवणारा माणूस, आणि हे सातवीतल्या मुलीने मला दाखवावं लागलं. किंवा असंही असेल की तिने दाखवलं नाही. तिला ते पहिल्यापासून माहीत होतं, आणि मला माहीत आहे की नाही एवढंच ती बघत होती.

"हो," मी म्हणालो. "त्यांना माहीत होतं."

तिने मान हलवली. तेवढ्यात माझं लक्ष पाचव्या कपाकडे गेलं.

तो माझा होता. तोही भरलेला होता.

त्यावर मी पुढे वर्षानुवर्षं विचार केला. मी घाबरलेलो होतो. माझं लक्ष पाहुण्यांच्या कपांवर होतं. लबाडी उघडी पडेल म्हणून घशाखाली काही उतरत नव्हतं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्या दिवशी त्या कठड्यापाशी उभं राहून पाच कपांमधला फरक शोधायचा म्हटलं असतं, तर कुणालाही सापडला नसता.

मी घाईने हात पुढे केला. माशी हाकलली, कपाचा कान धरला.

"राहू द्या सर," बिंदू म्हणाली. "गार झालाय."

तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. रागाने नाही, घरी आलेल्या पाहुण्याच्या हातून घ्यावा तसा, अदबीने. मग ती ट्रे घेऊन हौदाच्या तोंडाशी गेली, जिथे तो पांढरा फेस अजून साचलेला होता, आणि खाली बसली.

"उद्या गोठ्यातून शेण आणायला लागेल," ती म्हणाली. "नवं विरजण. दुधाचं चालतं ना त्यांना?"

"चालतं."

"कुणाचं पण?"

"हो," मी म्हणालो. "कुणाचंही."

तिने एकेक कप आत ओतला. मुळगुंदांचा, चष्मेवाल्यांचा, जाड्यांचा, वाबळ्यांचा. माझा तिने सगळ्यांत शेवटी ओतला, आणि बोटाने साय काढून तीही आत टाकली.